दया की देणे?

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला पिढ्यान् पिढ्या एकाच अक्षराची पदवी मिळत आली आहे : 'ढ'. सम्राट अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीपासून आजतागायत या अक्षराचे वळण फारसे पालटलेले नाही. इतर अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही अशा विद्यार्थ्याला 'ढ' म्हणू लागले, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यात दडलेला निवाडा लक्षात घेण्याजोगा आहे. मूल शिकत नाही याचा सारा दोष त्या मुलाच्या घडणीत आहे. शिकवण्याच्या रीतीचाही त्यात काही वाटा असू शकेल, ही शंकासुद्धा त्या एका अक्षराला शिवत नाही.

गेल्या तीसेक वर्षांत ही भाषा पालटू लागली आहे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वसाधारण शाळेतच सामावून घेतले जावे, हे तत्त्व पुढे मांडले. आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मान्य केले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती, अध्ययन-अक्षमताही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी एकवीस प्रकारांपर्यंत नेली व या दोहोंना तीत स्थान दिले. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोयी पुरवाव्यात, अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य ते शैक्षणिक उपाय योजावेत, अशी जबाबदारी या कायद्याने टाकली आहे. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने तर हा विषय घराघरांत पोहोचवला.

कायदा झाला, चित्रपट पाहून डोळेही पाणावले. तरी पालकसभेत एक प्रश्न पुनःपुन्हा निघतो. कधी उघडपणे, कधी सभा संपल्यावर फाटकापाशी. त्या एका मुलाला परीक्षेत जादा वेळ, लिहून द्यायला लेखनिक, शिकवायला वेगळी शिक्षिका. मग आमच्या मुलांनी काय घोडे मारले? एकाला अधिक देणे हा इतरांवर अन्याय नव्हे काय?

हा प्रश्न दुष्टपणाचा आहे, असे समजून तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. तो विचारणारी आई बहुधा काटकसर करून फी भरीत असते. आपल्या मुलाच्या वाट्याचे कोणी काढून तर घेत नाही ना, ही तिची काळजी आहे. तिला उत्तर मिळाले पाहिजे. आपल्या शाळांत साधारणपणे दिले जाणारे उत्तर असे असते : "बिचारा आहे हो तो, आपण समजून घ्यायला हवे." या उत्तरामागची भावना चांगली आहे, विचार मात्र सदोष आहे. कारण त्यात आरोप मान्य केलेला असतो. अन्याय होतो आहे खरा, पण दयेपोटी तो पोटात घाला, असा त्याचा अर्थ होतो. मला वाटते, येथे दयेचा प्रश्न मुळी उद्भवतच नाही. त्या मुलाला जे मिळते ते त्याचे देणे आहे, आणि देणे फेडल्याने तिसऱ्या कोणाचे काही बुडत नाही.

समान म्हणजे सारखेच काय?

ॲरिस्टॉटलने समानतेचे दोन प्रकार सांगितले. एक अंकगणिती : सर्वांना मोजून तेवढेच. दुसरा प्रमाणाचा : ज्याच्या-त्याच्या संदर्भात योग्य तितके. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद ख्रिस्ती नीतिविचारात आणला. देवाणघेवाणीत पहिल्या प्रकारची समानता लागते; शंभर रुपयांच्या मालाला शंभरच रुपये पडले पाहिजेत, मग गिऱ्हाईक कोणीही असो. समाजाने आपल्या घटकांना वाटून द्यायच्या गोष्टींत मात्र प्रमाणाची समानता लागते. शाळा ही दुकान आहे की समाज, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

हा भेद समजण्यासाठी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात तो रोज पाळला जातो. वाडीतून दमून आलेल्या माणसाच्या ताटात तीन भाकऱ्या पडतात, तापाने फणफणलेल्या लेकराला पेज मिळते आणि दात पडलेल्या आजीसाठी भाकरी दुधात कुस्करली जाते. प्रत्येकाला मोजून दीड-दीड भाकरी वाढणारी आई कोणाला न्यायी वाटेल?

परीक्षेची गोष्ट थोडी निराळी आहे, हे मान्य करावे लागेल. तेथे तुलना असते, गुण असतात, पुढच्या प्रवेशाची रांग असते. म्हणून तेथे अधिक बारकाईने पाहावे लागते. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी बहुधा इतरांइतकीच असते, कधी अधिकही असते. अडचण असते ती अक्षराची आणि ध्वनीची सांगड घालताना. आपल्या देवनागरीत त्याला 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' चकवतात. वेलांटी कोणत्या बाजूची, रफार कोणाच्या डोक्यावर, जोडाक्षरात अर्धे कोण आणि पुरते कोण, या प्रत्येक ठिकाणी तो अडखळतो. मराठी अंकांची नावे तर त्याच्यासाठी वेगळेच कोडे असते. लिहायचे आधी सहा आणि मग तीन, पण म्हणायचे 'त्रेसष्ट', म्हणजे तीन आधी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची वाट दाखवली, तेव्हा महाराष्ट्रभर किती थट्टा झाली हे अनेकांना आठवत असेल. त्या निर्णयाविषयी दोन मते असू शकतात. परंतु थट्टा करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती वाट ज्याला हवी होती तो मुलगा कधी दिसलाच नव्हता.

असा मुलगा भूगोलाच्या परीक्षेला बसतो. कोकणात धो धो पाऊस का पडतो आणि सह्याद्री ओलांडताच माण तालुका कोरडा का राहतो, हे तो तोंडी विचारले तर चार वाक्यांत सांगू शकतो. कागदावर मात्र त्याचा हात अडतो. वर्गातील इतर मुलांची तीन तासांत एक परीक्षा होते, भूगोलाची. त्याच्या मात्र त्याच तीन तासांत दोन होतात : एक भूगोलाची आणि दुसरी लेखनाच्या गतीची. त्या दुसऱ्या परीक्षेचा प्रश्नपत्रिकेत कोठेही उल्लेख नसतो. २०१३ साली केंद्र सरकारने लेखी परीक्षांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांत लेखनिकाची गरज असलेल्या दिव्यांग परीक्षार्थींना तासामागे निदान वीस मिनिटे अधिक द्यावीत असे म्हटले आहे. ती वीस मिनिटे भूगोलाचे एकही उत्तर सांगत नाहीत. ज्याला भूगोल येत नाही तो तासभर अधिक बसला तरी त्याचा कागद कोराच राहील. जे मोजायचेच नव्हते ते मोजले जाऊ नये, एवढेच काम ती करतात. जाड भिंगाचा चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाने कॉपी केली, असे आपण कधी म्हणतो काय?

अर्थात जेथे गती हेच कौशल्य आहे, उदाहरणार्थ लघुलेखनाची परीक्षा, तेथे हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडणार नाही. काय तपासायचे आहे हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे आणि मग बाकीचे अडथळे दूर करावेत, एवढाच नियम त्यातून निघतो.

अकराव्या तासाचे मजूर

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. पहाटे आलेल्या मजुरांना एक दिनार आणि दिवस कलायच्या सुमारास आलेल्यांनाही एक दिनार. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. मालकाने आपली मजुरी कापली, अशी त्यांची तक्रार नाही. ठरलेला दिनार त्यांना मिळालेला आहे. मालकाने या शेवटच्यांना आपल्या बरोबरीला आणून बसवले, हे त्यांना सलते. पालकसभेतल्या तक्रारीचा सूर याहून फार वेगळा असतो काय?

या दृष्टान्तातील एक तपशील आपल्या ध्यानातून सहसा निसटतो. मालक त्या मजुरांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. म्हणजे ते आळशी नव्हते. ते चौकात उभेच होते, फक्त त्यांची निवड होत नव्हती. कामगारांची निवड करताना मुकादम कोणाला मागे ठेवतो हे ज्यांनी मजूर-नाके पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको : म्हातारा, लंगडा, अंगाने किरकोळ. आणि एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी, घरची चूल एक दिवस पेटवण्याचे साधन. उशिरा काम मिळालेल्याची मुले भूक अर्धी करून निजत नाहीत, हे मालकाला ठाऊक होते.

दृष्टान्त स्वर्गराज्याविषयी आहे, गुणपत्रिकेविषयी नाही, असे कोणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. ईश्वराच्या औदार्याचा नियम उचलून परीक्षा मंडळाला लावता येत नाही. तरीही त्या कुरकुरीचे जे निदान प्रभूने केले ते आपल्यालाही लागू पडते. दुसऱ्याला मिळाल्याने माझे काय कमी झाले, हा प्रश्न स्वतःला विचारला तर पुष्कळदा उत्तर येते : काहीच नाही, फक्त त्याच्यापेक्षा वरचढ असल्याचे माझे सुख हरपले.

'सवलत' या शब्दाविषयी

दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सोयींना आपण 'सवलती' म्हणतो. सवलत एसटीच्या तिकिटात असते, सणासुदीला कापडाच्या दुकानात असते. मूळ दर एक असतो आणि देणारा उदार होऊन त्यातून काही सोडून देतो. देणाऱ्याची मर्जी फिरली की सवलत संपते आणि घेणाऱ्याने तोवर कृतज्ञ राहावे लागते. म्हणूनच अशा मुलांच्या आईबापांना मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर हात जोडून उभे राहण्याची सवय लागते.

ख्रिस्तसभेची जुनी शिकवण या बाबतीत आपल्या रूढ भाषेपेक्षा कितीतरी धीट आहे. गरजवंताला त्याच्या गरजेची वस्तू देताना आपण आपल्या पदरचे काही देत नसतो, त्याचेच त्याला परत करीत असतो. ते दयेचे कृत्य म्हणण्यापेक्षा न्यायाचे ऋण फेडणे आहे, असे पोप संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूंना शिकवले. संत थॉमस यांनीही म्हटले की धनवंतापाशी गरजेहून जे अधिक असते त्यावर निसर्गनियमानुसार गरिबांच्या पोषणाचा हक्क पोहोचतो. धान्याविषयी जे खरे ते ज्ञानाविषयी खोटे कसे ठरेल? शिक्षकाचा वेळ, त्याचे कौशल्य, शाळेची इमारत ही संपत्तीच आहे. ज्याला शिकण्यासाठी ती अधिक लागते त्याचा तिच्यावरचा हक्क त्या प्रमाणात अधिक आहे.

शिकणाऱ्याच्या वाटेने शिकवणाऱ्याने जावे, ही रीत तर आपल्या घरचीच आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या लोकांसाठी ख्रिस्तपुराण रचले ते मराठीत आणि ओवीत. १६१६ साली ते छापले गेले. लोकांना लॅटिन येत नव्हते म्हणून फादर स्टीफन्स यांनी त्यांना भाषेची 'सवलत' दिली, असे आपण कधी म्हणत नाही. उलट, ज्याला सांगायचे त्याच्या कानाला कळेल असे बोलणे हेच उपदेशकाचे कर्तव्य होते, असे मानतो. जो नियम चारशे वर्षांपूर्वी एका साऱ्या लोकसमूहासाठी पाळला गेला, तो वर्गातील एका मुलासाठी पाळायचा झाला की त्याला उपकाराचे नाव का पडावे?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हे ऋण ओळखणारी माणसे निपजली आहेत. बहिरा-मुका मनुष्य शिकूच शकत नाही अशी युरोपात समजूत होती, तेव्हा सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पॉन्से द लिऑन या बेनेडिक्टाइन संन्याशाने मूकबधिर मुलांना बोलायला आणि लिहायला शिकवले. अठराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांच्या पाहण्यात दोन बहिऱ्या बहिणी आल्या. कान नाहीत म्हणून या मुली धर्मशिक्षणावाचून राहणार काय, या चिंतेतून त्यांनी खुणांची भाषा आधी स्वतः आत्मसात केली आणि मग मूकबधिरांसाठी विनामूल्य शाळा उघडली. आपल्या मुंबईत १८८० च्या दशकात तत्कालीन बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिर मुलांसाठी जी शाळा सुरू केली, ती भारतातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी साधन-केंद्र स्थापन झाले.

प्रभूची रीत

प्रभू येशूने अशा माणसांना कसे वागवले, हे शिक्षकाच्या नजरेने वाचले तर नव्याने काही दिसते. संत मार्कच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाची हकिकत आहे. प्रभू त्याला गर्दीपासून बाजूला घेतो. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याच्यापाशी तो आधी स्पर्शाने बोलतो. त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला हात लावतो, वर आकाशाकडे पाहतो. काय घडणार आहे हे त्या माणसाला कळावे म्हणूनच जणू या साऱ्या खुणा. गर्दीसमोर चमत्काराचे प्रदर्शन होत नाही.

पुढच्याच अध्यायात बेथसैदाचा आंधळा येतो. येथे तर एकदा हात ठेवून भागत नाही. प्रभू त्याला विचारतो, तुला काही दिसते का? तो खरे सांगतो : माणसे दिसतात, पण झाडांसारखी वाटतात आणि ती चालत आहेत. शिकवलेले अर्धेच पोहोचले आहे हे ऐकून प्रभू रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. तो पुन्हा हात ठेवतो आणि मग त्याला सारे स्पष्ट दिसू लागते. विचारणे, खरे उत्तर ऐकून घेणे आणि दोष न देता पुन्हा करणे. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमात जे शिकवले जाते त्याचे सार येथे आहे.

संत योहानच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न अजून जिवंत आहे. दिवस गेले असताना काय खाल्ले होते, ग्रहणात बाहेर पडली होतीस का, कोणाचा तळतळाट लागला, असे प्रश्न अशा मुलाच्या आईला शेजारणीच नव्हे, जवळचे नातेवाईकही विचारतात. ख्रिस्ती घरेही याला अपवाद नाहीत. प्रभूने तो प्रश्न साफ नाकारला, हे आपल्या व्यासपीठांवरून अधिक वेळा सांगितले गेले पाहिजे.

शंभर टक्के निकाल

आता आपल्या शाळांकडे वळू. शाळेच्या दर्शनी फलकावर 'दहावीचा निकाल १०० टक्के' ही अक्षरे झळकली की गावाला अभिमान वाटतो. त्यामागे शिक्षकांचे कष्ट असतात, हे खरे. परंतु कित्येक ठिकाणी या आकड्याची सोय नववीतच लावली जाते. मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगतात : हा काही निघणार नाही, दाखला घेऊन जा, नाही तर सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या. ते मूल शाळेच्या पटावरून उतरते आणि निकालाच्या हिशेबातून नाहीसे होते. मेंढपाळाने हरवलेल्या मेंढराच्या शोधात न जाता कळप मुळात नव्याण्णवांचाच आहे असे जाहीर केले असते, तर त्याचाही निकाल शंभर टक्केच लागला असता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेतून अल्पसंख्याकांच्या शाळा वगळण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली दिला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे मत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने २०२५ मध्ये व्यक्त केले. न्यायालयात पुढे काय व्हायचे ते होईल. घटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे योग्यच आहे. परंतु ते स्वातंत्र्य आपल्याला कशासाठी दिलेले आहे? आपल्या श्रद्धेला अनुसरून शाळा चालवता याव्यात म्हणून. कायद्याने ज्या मुलाला दार उघडण्याची सक्ती केली असती, त्याला सक्ती नसताना दार उघडले तर ते स्वातंत्र्य सार्थकी लागले. सक्ती नाही म्हणून दार लावून घेतले, तर नाव कॅथलिक ठेवून उपयोग काय?

खऱ्या अडचणी

असे असले तरी शिक्षकांवर केवळ उपदेशाचा मारा करणे हाही अन्यायच ठरेल. साठ मुलांचा वर्ग, शिवाय सरकारी कामाची कागदपत्रे, त्यात एक मूल असे की जे पाच मिनिटे जागेवर बसत नाही, बी.एड. करताना या विषयाची जुजबी ओळख झालेली. अशा शिक्षिकेला 'प्रेमाने घ्या' म्हणणे सोपे असते. हे देणे एकट्या शिक्षिकेच्या डोक्यावर नाही. ते शाळेचे, व्यवस्थापनाचे आणि शाळा ज्या समाजाची आहे त्या समाजाचे आहे. शाळेच्या नव्या सभागृहासाठी देणग्या गोळा होतात, सणाच्या मंडपावर आणि बँडवर लाखो रुपये खर्च होतात. मग चार-पाच शाळांनी मिळून एक प्रशिक्षित विशेष शिक्षिका नेमण्याला पैसे नाहीत, हे कारण पटण्यासारखे नाही. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण नाही. आठवड्यातील दोन दुपारी एखाद्या मुलाशेजारी बसून वाचन करून घेणे त्यांच्या आवाक्यातील काम आहे.

दुसरी अडचण खोट्या दाखल्यांची. मुलाला दोन गुण अधिक मिळावेत म्हणून ओळखीपाळखीने अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवण्याचा मोह काही सुस्थित पालकांना होतो. हे पाप साधे नाही. अशा प्रत्येक खोट्या कागदामुळे खऱ्या गरजवंताकडे संशयाने पाहिले जाते. परंतु खोटा भिकारी भेटला म्हणून दानधर्मच बंद करायचा नसतो. तपासणी कसोशीने करायची असते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रत्येक मुलाचे हित सर्वसाधारण वर्गातच असते असे नाही. काहींना विशेष शाळाच हवी असते. तेथे प्रशिक्षित माणसे असतात, त्यांच्या गतीने दिवस चालतो. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्थापन केलेल्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाने मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी अशी वाट पाडली. म्हणून 'त्याच्यासाठी वेगळी शाळा बरी' हे वाक्य कधी खरे असते, कधी निव्वळ पळवाट असते. ते कोणाच्या सोयीसाठी उच्चारले जात आहे, मुलाच्या की आपल्या, एवढे ज्याने-त्याने स्वतःशी तपासावे.

आणि एक धोका आपल्यासारख्या भाविकांना विशेष आहे. अशा मुलाला 'देवदूत' म्हणायचे, त्याच्या आईला 'देवाने निवडलेली' म्हणायचे आणि त्याची सेवा करून आपल्याला पुण्य लाभते याचे समाधान मानायचे. यात मुलाचे स्वतःचे असे काही उरत नाही. ते आपल्या पुण्याचे साधन होते. त्यालाही राग येतो, कंटाळा येतो, लबाडी सुचते; त्याला शेवटच्या बाकावर मित्र हवा असतो आणि डबा वाटून खायचा असतो. तो शाळेत आला आहे तो कोणाची करुणा जागी करण्यासाठी नव्हे. शिकण्यासाठी आला आहे.

आपल्यापाशी काय आहे

ज्यांच्या हाती शाळा नाही अशा कुटुंबांनीही हा प्रश्न दुसऱ्यांचा समजू नये. प्रत्येक धर्मग्रामात रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. तेथे परीक्षा मंडळ नाही, टक्केवारी नाही, शासनाचा अभ्यासक्रम नाही. तरीही प्रार्थना पाठ नाहीत म्हणून मागे ठेवलेली, प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी पुढच्या वर्षी पाहू असे सांगितलेली मुले आपल्याकडे सापडतात. वर्षे लोटतात आणि ते 'पुढचे वर्ष' येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७७७ वे कलम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना स्पष्ट सांगते की शरीराने वा मनाने अधू असलेल्यांनाही त्यांच्या स्थितीला झेपेल तसे धर्मशिक्षण मिळेल, याची काळजी घ्यावी. मोजमाप त्यांच्या स्थितीचे आहे, आपल्या पुस्तकाचे नाही. 'विश्वासांगीकार' न अडखळता म्हणता न येणारे मूल वेदीकडे बोट दाखवून ही साधी भाकर नाही असे आपल्या रीतीने सांगत असेल, तर त्याच्यापाशी आवश्यक ते ज्ञान आहे.

संत पौल करिंथ येथील मंडळीला शरीराचे उदाहरण देताना सांगतात की जे अवयव दुर्बळ भासतात त्यांच्यावाचून चालत नाही, आणि ज्यांना मान कमी त्यांना देवाने अधिक मान दिला आहे. हे वाचन आपण मिस्सामध्ये ऐकतो आणि शेवटी देवाचे आभार मानतो. येत्या जूनमध्ये शाळांचे प्रवेश सुरू होतील, धर्मशिक्षणाच्या वर्गांची यादी लागेल. आपल्या गल्लीतील, आपल्या वाडीतील कोणते मूल त्या दोन्ही याद्यांत नाही, हे लघु ख्रिस्ती समूहांनी घरोघरी जाऊन पाहावे. त्याच्या आईबापांना बोलते करावे. आणि ते मूल सांगू शकत असेल तर आधी त्यालाच विचारावे, तुला काय अवघड जाते? मग त्याच्या बाजूने शाळेच्या दारात जावे. हात जोडून नको. जे त्याचे देणे आहे ते मागण्यासाठी जावे, आणि व्यवस्थापनाने खर्चाची अडचण सांगितली तर त्या खर्चात आपला वाटा उचलण्याची तयारी ठेवूनच जावे.